हलकं पिस्तूल

"डोळे मिटा अक्कासाब," दस्तगीर शिकलगार म्हणाले. "घट्ट. देवापुढं मिटता तसे."

"देवापुढं मी उघडेच ठेवते," अक्का म्हणाल्या. "न्हाईतर चपला जातात."

दस्तगीरचाचा हसले, पण हसताना त्यांची नजर अक्कांच्या हातावरून हलली नाही. अक्कांच्या उजव्या हातात एक रिकामं पिस्तूल होतं, आणि ते त्यांनी भरलेली कळशी धरावी तसं धरलं होतं.

"मिटले बगा."

"आता हात सरळ समोर उचला. खांद्याच्या रेषेत. हां. आता डोळे उघडा, पण मनगट हलवू नका. नळीच्या टोकावर तो दाणा आहे ना, तो कुठं दिसतो?"

अक्कांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. "डावीकडं. पार तुमच्या त्या कॅलेंडरातल्या बाईवर."

"म्हणजे हे पिस्तूल तुमचं नाही," चाचा म्हणाले आणि त्यांनी ते हळूच काढून घेतलं. "डोळे उघडे असले की माणूस पिस्तुलासाठी मनगट वाकवतो. मिटले की खरं काय ते कळतं. चाळीस वर्षं मी असंच माप घेतो."

मी बाजूच्या स्टुलावर वही घेऊन बसले होते. आधी मला ही पद्धत म्हणजे दुकानदाराची गंमत वाटली होती. पण विचार केल्यावर लक्षात आलं, की बघणाऱ्याच्या सवयीची चूक मापातून काढून टाकायची, हेच तर मी मुलांना प्रयोगशाळेत शिकवत होते.

ही गोष्ट एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरातली. सुंदराबाई फडतरे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत. वय सत्तावन्न. माण तालुक्यात गावापासून तीन किलोमीटरवर त्यांचा डाळिंबाचा मळा होता. माझे सासरे, तात्या, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा दोघांनी मिळून तो लावला होता. तात्या त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. त्यांचं पिस्तूल नियमाप्रमाणे साताऱ्याला दस्तगीरचाचांच्या दुकानात जमा झालं. दसऱ्याच्या आसपास शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, म्हाताऱ्या नवरा-बायकोला बांधून मारलं, आणि त्यानंतर आमच्या घरात एकच वाद सुरू झाला.

माझे यजमान धैर्यशील म्हणत होते, अक्कानं पुण्याला यावं. अक्का म्हणत होत्या, झाडं काय एस.टी.त घालून आणू? शेवटी धैर्यशीलनी अट घातली. वारस म्हणून अक्कांच्या नावावर परवाना करून देऊ. पण परवाना आला की रविवारी मी मळ्यावर येईन, माझ्यासमोर पाच गोळ्या झाडायच्या, पाचही कागदाला लागल्या पाहिजेत. लागल्या तर राहा. नाही लागल्या तर मळा वाट्यानं देऊन पुण्याला चल. अक्का एका क्षणात हो म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यात त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती.

परवाना आला होता. त्यात कुठलं हत्यार आणि कुठल्या बोअरचं, म्हणजे किती जाडीच्या गोळीचं, ते आज चढवायचं होतं. एकदा चढलं की बदलायला पुन्हा कलेक्टर कचेरी, पुन्हा पोलीस पाटलाचा दाखला, पुन्हा महिनाभर हेलपाटे. म्हणून धैर्यशीलनी मला पाठवलं. मी पुण्यात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते.

निघताना स्वारगेटला ते म्हणाले होते, "तुझं ती ऐकते. तिला जमणार नाही असं काहीतरी निवड. म्हणजे वाद नको, भांडण नको. आपोआप येईल."

मी म्हटलं होतं, "बघते."

ते वाईट मनानं म्हणत नव्हते. दरोड्यानंतर रात्री दोनदोनदा उठून ते गॅलरीत उभे राहत, हे मला माहीत होतं.

"ह्ये तर आमच्या ह्यांचं," अक्का काउंटरवरच्या पिस्तुलाकडे बघत म्हणाल्या. "बावीस वर्सं उशाला व्हतं. आनि माझं न्हाई म्हनता व्हय?"

"सुभेदारसाबांचा पंजा बघितला होता मी," चाचा म्हणाले. "तुमचे दोन हात त्यात मावतील. तुमचं बोट चापापर्यंत पोचतं, पण नुसतं टोक. मग ओढताना नळी डावीकडं जाते. फ्रेम मोठी पडते तुम्हाला."

"मग ल्हान दावा."

"दाखवतो. पण आधी बोअर ठरवू. काय हवं ते ठरलं की कशात हवं ते ठरतं."

त्यांनी काचेवर तीन काडतुसं उभी केली. ओळीनं, शाळेत मुलं उभी करतात तशी.

"ही बावीस. नेमबाजीला उत्तम. आवाज बेताचा, धक्का जवळजवळ नाही. पण दहात एखादं फुसकं निघतं. कागदावर मारताना चालतं. दारात माणूस उभा असताना चालत नाही."

"आनि ही ठेंगणी?"

"ही पंचवीस. दिसायला छान. खिशातल्या पिस्तुलात बसते. पण अक्कासाब, गेल्या पाच वर्षांत मला हिचे तीन डबे मिळाले. पिस्तूल असेल आणि काडतूस नसेल, तर मग मुसळच बरं की."

"मुसळ हाय घरात."

"आणि ही बत्तीस. सुभेदारसाबांची. मिळते, चालते, दहातली दहा चालतात. याच्या वर आपल्याला सरकार देत नाही."

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. ही कालेजात शिकवती. मला काय, मी तिन्हीला भिते."

मी काडतुसं हातात घेऊन बघितली. गोळीचं वजन, वेग, विचारून वहीत लिहिलं. यात मला काहीच लपवायचं नव्हतं. "बत्तीस," मी म्हणाले. "जे भरवशानं उडतं तेच घ्यावं."

"शाबास," चाचा म्हणाले. "आता बत्तीसमध्ये माझ्याकडं दोन आहेत. एक सुभेदारसाबांचं, ते तुम्ही बघितलं. दुसरं हे."

दुसरं खरोखरच गोड होतं. ओंजळीत मावेल असं, काळं, गुळगुळीत. अक्कांनी डोळे मिटून ते उचललं, उघडले, तर दाणा भिंतीवरच्या खिळ्यापासून दोन बोटं अंतरावर.

"बघा!" चाचा खूश झाले. "हाताला बसलं. बायकांना मी हेच देतो. आजवर तिघींना दिलं, एकीचीही तक्रार नाही."

"तराजू आहे का?" मी विचारलं.

चाचांनी पितळी तराजू दिला. मी दोन्ही पिस्तुलं रिकाम्या मॅगझिनसकट तोलली. तात्यांचं सातशे साठ ग्रॅम. लहान चारशे तीस. मग मी वहीत आडवी रेघ मारून गणित केलं. गणित सोपं होतं, अकरावीचं. गोळी पुढे जाते, पिस्तूल मागे येतं. काडतूस तेच, गोळी तीच, तिचा जोरही तोच. मागे येणारी वस्तू जितकी हलकी, तितकी ती वेगानं येते. तात्यांचं पिस्तूल हातावर सेकंदाला पावणेदोन मीटरनं आदळलं असतं. लहान तीन मीटरनं. ऊर्जेच्या हिशेबात लहान पिस्तुलाचा धक्का मोठ्याच्या पावणेदोन पट होता. शिवाय लहान पिस्तुलाची स्प्रिंग जास्त ताठ असते, ती ओढायला जास्त ताकद लागते.

माझ्या वहीत उत्तर स्पष्ट होतं. दुकानात ते फक्त मलाच दिसत होतं, कारण बाकी दोघांना एक लहान बाई आणि एक लहान पिस्तूल दिसत होतं.

"काय म्हनती वही?" अक्कांनी विचारलं.

मी वही मिटली. "हे लहानच बरं अक्का. हलकं आहे."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला आता वाटतं. मग त्यांनी लहान पिस्तूल पुन्हा उचललं, तळहातावर दोनदा वरखाली केलं, बाजारात वांगं तोलतात तसं.

"तू निवडलंस?"

"हो."

"मग ह्येच."

दुकानाच्या मागं चाचांची चाचणीची खोली होती. लांब, बोळासारखी, टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत आणि तिच्यासमोर दोरीला चिमट्यानं अडकवलेला कागद. चाचांनी आम्हा तिघांच्या कानांत कापसाचे बोळे घातले. मग अक्कांना उभं राहायचं शिकवलं. पाय फाकवून, डावा थोडा पुढं.

"पिस्तुलाचा हा वरचा भाग मागं ओढायचा आणि सोडायचा. म्हणजे काडतूस नळीत जातं. याला स्लाइड म्हणतात."

अक्कांनी ओढलं. सरकलं नाही. दात आवळून पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा चोळीची बाही वर सारून, पदर कमरेला करकचून खोचून त्यांनी ते ओढलं तेव्हा खटकन मागं आलं.

"घट्ट हाय की हो, म्हशीच्या सडासारखं."

"सवयीनं होतं," चाचा म्हणाले. "आता श्वास सोडा आणि चाप हळूच दाबा. आवाजाला भिऊ नका."

पहिला आवाज झाला. त्या बोळात तो छातीवर थाप मारल्यासारखा लागला. अक्कांचा हात कपाळापर्यंत उडाला. कागद हलला नाही.

"लागली का?"

"भिंतीला लागली. पुन्हा."

दुसरी गोळी कागदाच्या कोपऱ्याला चाटून गेली. तिसरी कुठे गेली कळलं नाही. चौथीच्या आधी मी पाहिलं, अक्का चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटत होत्या आणि खांदा आवळत होत्या. शरीर एकदा शिकलं की ते धक्क्याची वाट बघत बसतं. चौथी खाली जमिनीत. पाचवीनंतर त्यांनी पिस्तूल चाचांनी दाखवल्याप्रमाणे नळी खाली करून नीट टेबलावर ठेवलं, आणि उजवा हात पदराखाली घेतला.

"पाचात एक," चाचा म्हणाले. त्यांचा उत्साह थोडा उतरला होता. "रविवारपर्यंत सराव केला तर..."

"जमंल," अक्का म्हणाल्या. "चांगलं हाय. हलकं हाय. ह्येच लिवा."

आम्ही पुढच्या खोलीत आलो. चाचांनी परवान्याची पुस्तिका उघडली, चष्मा लावला, दौतीत टाक बुडवला. अशा नोंदी ते अजून टाकानंच करत. अक्का काउंटरला टेकून उभ्या होत्या. पदराच्या कडेला, आंब्याच्या पानाएवढा, लाल डाग वाढत होता.

"हात बघू," मी म्हणाले.

"कशाला?"

"बघू तर."

त्यांनी हात पुढं केला नाही. मी पदर बाजूला केला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ कातडीवर दोन समांतर रेषा उमटल्या होत्या. पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. दर गोळीला स्लाइड मागे येऊन तिथेच घासली होती. पाच वेळा. दुसऱ्या वेळेपासून त्यांना ते नक्की जाणवलं असणार, आणि तरी त्यांनी आणखी तीनदा चाप ओढला होता.

"थांबा चाचा," मी म्हणाले. "लिहू नका."

चाचांचा टाक हवेत थांबला. त्यांनी चष्म्यावरून अक्कांचा हात पाहिला. "या अल्ला. हे आधी बोलायचं नाही का?"

"तुम्हीच म्हटला, कुनाची तक्रार न्हाई."

"त्या तिघींनी," मी चाचांना विचारलं, "हे कधी झाडून पाहिलं होतं?"

चाचा खाली बघत म्हणाले, "खरं सांगायचं तर कपाटात ठेवायलाच नेलं होतं त्यांनी." त्यांनी टाक पुसला. "मी आयोडीन आणतो. आणि अजून काहीतरी शोधतो. सुभेदारसाबांच्या पिस्तुलाच्या मुठीवर त्यांनी जाड लाकडी पट्ट्या बसवून घेतल्या होत्या, पंजा मोठा म्हणून. मूळच्या पातळ पट्ट्या मी कुठल्यातरी डब्यात टाकल्यात. एकोणसत्तर साली. मी काही फेकत नाही." आणि ते आतल्या खोलीत गेले. डब्यांचा आवाज येऊ लागला.

आम्ही दोघी राहिलो. मी माझा रुमाल त्यांच्या हातावर दाबून धरला होता.

"अक्का, मला हे माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"लहान पिस्तूल जास्त लागतं. मी वहीत गणित केलं होतं. मोठं तुमच्या हाताला सोपं गेलं असतं. मी मुद्दाम लहान सांगितलं."

मी रुमालाची घडी बदलली.

"धैर्यशील म्हणाले होते, तुम्हाला जमणार नाही असं निवड. म्हणजे तुम्ही पुण्याला याल."

"धैर्यशील म्हनाला," त्या म्हणाल्या. "ते ठावं हाय. त्याच्या पोटात काय ऱ्हातंय? पन त्याला पिस्तुलातलं काय कळतं? त्यो तर म्हनला आसंल, बाई हाय, भियील. ल्हान-मोठं तुलाच कळलं."

"हो."

"मलाबी कळलं व्हतं."

मी वर पाहिलं.

"आगं, डाळिंबाचे आठशे खड्डे खनलेत मी. हलकी पहार घेतली की मुरुमात आपटली रे आपटली, की सगळा दनका हातात. कोपरं फुटायची. ह्यांनी मग मला जड पहार आनून दिली. लोकं हसली, बाईला जड पहार देतो म्हनून. पन जड पहार आपला दनका आपुन खाती, हातापातूर येऊ देत न्हाई." त्यांनी काउंटरवरच्या लहान पिस्तुलाकडे मान वळवली. "ह्ये हातात घेतलं तवाच म्हटलं, हलकी पहार हाय ही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू निवडलंस म्हनून."

बाहेर रस्त्यावरून एक टांगा गेला. आत चाचांनी कसलातरी डबा पाडला आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

"त्यो बोलवतो तवा भांडून बोलवतो," अक्का म्हणाल्या. "त्याला माझ्या जिवाची भीती हाय. त्या भीतीला मी काय भीक घालत न्हाई. पन तू कधी बोललीच न्हाईस. तीन वर्सं झाली लग्नाला, एकदा म्हनली न्हाईस, अक्का चला. मला वाटायचं, हिला नको आसंल सासू घरात. शिकलेली हाय, तिचं तिचं आसतंय. आनि आज तू ह्ये उचलून दिलंस. शानी पोरगी आनि चुकीचं देती. तवा मनात म्हटलं, ही बोलवतीया. पोरीला तोंडानं म्हनता येत न्हाई. मग म्हटलं, लागंना का हात."

माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली. त्यानंतर मी घरात फार बोलत नव्हते, हळूहळू बाहेरही बोलायचं राहिलं. एखादी गोष्ट हवी असेल तर ती मागायची असते, हे इतरांना जसं सहज येतं तसं मला येत नव्हतं. मी गणित मांडायचे आणि उत्तर आपोआप निघेल अशी वाट बघायचे.

"त्यांच्या सांगण्यावरून केलं," मी म्हणाले. "पण त्यांनी सांगितलं नसतं तरी... मला..."

"काय तुला?"

"घरी कुणी नसतं," मी म्हणाले.

एवढंच मला सांगता आलं. अक्कांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. खरखरीत, काट्यांनी भरलेला हात.

"आत्ता कसं बोललीस," त्या म्हणाल्या.

चाचा आतून आले. एका हातात आयोडीनची बाटली, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन पातळ काळ्या पट्ट्या. चेहरा असा, जणू बावीस वर्षांनी त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. त्यांनी अक्कांच्या हाताला औषध लावून फडकं बांधलं, अक्कांनी त्यांच्या सात पिढ्यांना हळू आवाजात आठवलं, आणि मग चाचांनी स्क्रू काढून तात्यांच्या पिस्तुलावरच्या जाड पट्ट्या उतरवल्या. पातळ बसवल्या.

"मिटा डोळे."

अक्कांनी मिटले. फडकं बांधलेला हात उचलला. उघडले.

"कुठं दिसतो?"

"खिळ्यावर," अक्का म्हणाल्या. "बरोबर खिळ्यावर."

बोळात परत गेलो. या वेळी स्लाइड पहिल्याच ओढीला मागं आली. अक्कांनी चमकून चाचांकडे पाहिलं. चाचांनी खांदे उडवले. पहिली गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली. दुसरी त्याच्या वर. तिसऱ्या गोळीनंतर मी त्यांच्या खांद्याकडे पाहत होते. तो आवळला जात नव्हता. पाचात चार.

आम्ही पुन्हा काउंटरपाशी आलो. पुस्तिका उघडीच होती. दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली होती. चाचांनी टाक दौतीत बुडवला.

"तर मग, हेच ना?"

"हिला इचारा," अक्का म्हणाल्या.

"अक्का!" मी म्हणाले.

"का? तूच निवडायला आलीस ना? मग निवड." त्या स्टुलावर बसल्या, पाय जवळ ओढून, जसं काही मळ्याच्या बांधावर बसावं. "मी राग धरनार न्हाई. ल्हान म्हनलीस तर ल्हान. रईवारी पाचात एक लागंल, त्यो खूश होईल, आनि मी सामान बांधीन. मोठं म्हनलीस तर मोठं. पन आता डोळं उघडून निवड."

चाचांना काही कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि टाकाच्या टोकावरचा शाईचा थेंब दौतीच्या कडेला निपटला.

पुण्याच्या घराला दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत खिडकीखाली कॉटला जागा आहे. ती मी मोजली होती, सहा फूट दोन इंच. हे मी धैर्यशीलनाही सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला ती जागा दिसत होती, आणि अक्कांचा हातही दिसत होता.

"मोठं," मी म्हणाले.

"बघ हं."

"मोठंच लिहा चाचा. बत्तीस बोअर, मोठी फ्रेम."

"फ्रेम लिहायची नसते," चाचा म्हणाले. "बोअर आणि नंबर." आणि त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचत लिहिला. अक्का मान हलवत ऐकत होत्या, जणू एखाद्या नव्या गाईचे गुण ऐकतायत.

रविवारी धैर्यशील मळ्यावर आले. शेतघराच्या मागं खणलेल्या विहिरीच्या मुरुमाचा ढिगारा होता, त्याच्यासमोर त्यांनी स्वतः कागद लावला, पावलं मोजली, आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अक्कांनी पदर खोचला. पाच आवाज झाले. प्रत्येक आवाजाला आंब्यावरचे पारवे उडाले आणि परत बसले. धैर्यशील कागदापर्यंत चालत गेले आणि तिथं बराच वेळ थांबले.

परत आले तेव्हा ते अक्कांशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले.

"हे तू निवडलंस?"

"हो."

"तुला मी काय सांगितलं होतं?"

"तिला आठवतंय," अक्का म्हणाल्या. "तिला काय ओरडतोस? चल, पिठलं टाकते."

पुण्याला परतताना शिरवळला चहाला थांबलो तेव्हा धैर्यशील म्हणाले, "पाच. पाचही. तात्यांच्यासुद्धा सगळ्या लागायच्या नाहीत." आणि त्यांच्या आवाजात रागाबरोबर दुसरंही काहीतरी होतं. मी बशीतला चहा त्यांच्याकडे सरकवला.

त्यानंतर तीन आठवडे गेले. मी कॉलेजात शिकवायला जात होते. एका मंगळवारी सकाळी सातला दार वाजलं. दारात अक्का. डोक्यावर डाळिंबाची पाटी, हातात पिशवी.

धैर्यशील दाढी करत होते, ते तसेच फेस लावलेले बाहेर आले. "आलीस शेवटी!"

"तुझ्याकडं न्हाई आले," अक्का म्हणाल्या. "त्या रईवारी आपली अट संपली. हिनं बोलवलं म्हनून आले. चार दिस. पिस्तूल ठान्यात ठिवून, पावती घिऊन आलीया. कुठं निजू?"

मी त्यांना आतल्या खोलीतली खिडकीखालची जागा दाखवली. त्यांनी तिथं पिशवी ठेवली, खिडकीतून खाली पाहिलं, आणि "झाड कुठलं ह्ये?" असं विचारलं. मला ते झाड कुठलं हे माहीत नव्हतं.

"कालेजातनं किती वाजता येतीस?"

"साडेचारला."

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी जिने चढून वर आले. सवयीनं पर्समध्ये किल्ली शोधली, आणि मग पाहिलं, तर दार उघडंच होतं. आतून फोडणीचा वास येत होता. मी आत जाऊ शकले असते. गेले नाही. उघड्या दारात उभी राहिले आणि घंटा वाजवली.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी," मी म्हणाले.

"मग ये की आत. भाईर का उभी?"